कोणालाही न बसणारी बॅटरी

मार्साबितमध्ये बॅटऱ्या विकायच्या म्हणजे कटकटीचा धंदा. गाव डोंगरावर. ज्याची बॅटरी मेली तो रात्री गाडी उतारावर लावतो, सकाळी ब्रेक सोडतो, गाडी घरंगळायला लागली की गिअर टाकतो आणि इंजिन सुरू. लोक अशी वर्षं काढतात आणि वर माझ्या दुकानासमोरून जाताना हात हलवून हसतात. माझ्याकडे येतात ते डोंगर उतरणारे. खाली बुबिसा, मग मैकोना, आणि मैकोनाच्या पुढे चालबी. वाळलेल्या तळ्याचा तळ तो. नजर जाईल तिथवर सपाट, वर मिठाची खपली. तिथे गाडी बंद पडली तर ती घरंगळणार कुठे? धक्का मारायला माणसं लागतात, ती तिथे नसतात. म्हणून चालबी ओलांडणारा ड्रायव्हर बॅटरी घ्यायला आला की मुलगी पाहायला आल्यासारखा ठाण मांडून बसतो.

सोरा बोनाया त्या सगळ्यांचा बाप होता. त्याची जुनी फोर-बाय-फोर डिझेल गाडी चालबीपलीकडचं त्याचं गाव कलाचा ते मार्साबित अशी माणसं, साखर, शेळ्या, आजारी बाया, सगळं वाहायची. तो दुकानात आला की आधी चहा मागायचा. मग एकेक बॅटरी उचलून वजन बघायचा, हलवून कानाला लावायचा, झाकणं उघडून आतलं पाणी बघायचा. झाकण न उघडणारी बॅटरी त्याला मुळीच चालायची नाही. आमच्या उन्हात पाणी आटतं, आणि वरून घालता येत नसेल तर ती बॅटरी म्हणजे बंद मडकं, असं त्याचं म्हणणं. ते बरोबरच होतं. मग तो तिची पट्टी धरून बघायचा, गाडीतल्या बॅटरीच्या पिंजऱ्यात घट्ट बसेल ना, कारण मैकोनाचा रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा आहे. जी बॅटरी हलते तिच्या आतल्या प्लेटी झडतात. दुपार व्हायची. माझी बायको आतून विचारायची, तो उंटवाला गेला का. मी म्हणायचो, नाही, अजून दात मोजतोय.

इतकं करून निवडलेली बॅटरी दोन-तीन महिन्यांत त्याच्या गाडीत नसायची. हीच तर गंमत. पुढच्या खेपेला बॉनेट उघडावं तर आत कुणाचं तरी फुगलेलं, पांढरी बुरशी चढलेलं डबडं.

"नवी कुठाय?" मी विचारायचो.

"आहे की. इसाकोकडे आहे."

"विकलीस?"

"विकेन कशाला? त्याची बंद पडली होती. तूर्त त्याच्याकडे आहे."

अशा त्याच्या कितीतरी बॅटऱ्या तूर्त कुणाकुणाकडे होत्या. एक कलाचाच्या पाण्याच्या पंपाला, एकीवर तिथल्याच इसाकोच्या टपरीत लोकांचे फोन चार्ज व्हायचे, एक कुणा नातेवाइकाच्या गाडीत पार नॉर्थ हॉरला. मला संताप यायचा. बॅटरी मी विकत होतो म्हणजे माझं नुकसान काहीच नव्हतं, तरी यायचा. चांगली वस्तू चुकीच्या हाती गेलेली मला बघवत नाही. सेल्फ मारायची बॅटरी एका दणक्यात ताकद द्यायला बनलेली असते. तिच्यावर रात्रभर फोन चार्ज करायचे म्हणजे शर्यतीच्या बैलाला घाण्याला जुंपण्यासारखं आहे. मी हे सोराला सांगायचो. तो मान डोलवायचा आणि पुन्हा तेच करायचा.

त्याचं कारण मला माहीत होतं. मी बुर्जी, आमचं शेतीचं आणि दुकानाचं रक्त. तो गब्रा, उंटांवर वाढलेला. त्यांच्यात ज्याचे उंट मेले त्याला दुसरा आपली दुभती उंटीण देतो. तिला दबारे म्हणतात. दूध तू पी, पिल्लं माझी, उंटीण माझीच, पण तुझ्या दारात. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं. नाही म्हणणाऱ्याच्या दारात पुढे कुणी बसत नाही. सोरा लहान असताना मोठा दुष्काळ पडला आणि त्याच्या बापाचे सगळे उंट गेले. एका दबारे उंटिणीच्या दुधावर ते घर जगलं. तिचं नावसुद्धा त्याला आठवत होतं.

"बॅटरीला पिल्लं होत नाहीत रे सोरा," मी एकदा वैतागून म्हणालो.

"दूध तरी निघतं ना," तो म्हणाला.

मी त्याच्या डबड्यात पाणी घातलं आणि त्याला वाटेला लावलं.

त्याची बायको तलासो. ती क्वचित मार्साबितला यायची, आणि आली की सोराच्या मागे उभी राहून त्याची बॅटरी-परीक्षा बघत हसायची. मला एकदा म्हणाली, "मला मागायला आला तेव्हा याने इतकं बघितलं नव्हतं." ती कमी बोलायची, पण जे बोलायची ते महिनाभर पुरायचं. मुलगा एकच, मोलू, तो नैरोबीत रखवालदार. घरात ही दोघंच. घर म्हणजे तंबू. काठ्यांची कमान, वर चटया आणि कातडी. गब्रांमध्ये तंबू बाईचा असतो. लग्नात आईच्या तंबूतून काही काठ्या, काही चटया मुलीला मिळतात, बाकीचं ती आयुष्यभर स्वतः विणते. नवऱ्याचं त्यात काही नाही. सोरा हे गमतीने सांगायचा, की गाडी माझी, घर तिचं, मी भाडेकरू.

मग तलासोच्या पोटात गाठ निघाली. इस्पितळात बरेच दिवस गेले. एक दिवस डॉक्टरीणबाईंनी सोराला बाहेर बोलावलं आणि आता घरी न्या म्हणून सांगितलं. त्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी त्याचा हात धरून सांगितलं. तलासोला सांगायची वेळच आली नाही. सोरा आत गेला तर तीच म्हणाली, मला माझ्या घरात मरायचंय, या पत्र्याखाली नको.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. त्या दिवशी त्याने चहा मागितला नाही. मीच दिला तर तो तसाच ठेवला. गाडीत पुन्हा कुणाचं तरी मेलेलं डबडं होतं, मार्साबितच्या उतारांवर चालणारं. मी माझ्याकडची सगळ्यात चांगली बॅटरी पुढे ओढली. जाड प्लेटींची, पाणी घालता येणारी, त्याच्या पिंजऱ्यात नेमकी बसणारी. म्हणालो, ही घे, हिच्यावर तू सुदानला जाऊन येशील.

त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात शहरातल्या छोट्या मोटारींच्या बॅटऱ्या होत्या, शिक्षक आणि बँकवाले घेतात त्या. त्यातली एक त्याने उचलली. हलवली नाही, कानाला लावली नाही. फक्त तिच्या टर्मिनलांवर अंगठा फिरवला.

"ही पातळ आहेत," तो म्हणाला.

"लहान गाडीची आहे. तुमच्या सगळ्या गाड्यांना जाड लागतात. ठेव खाली."

"म्हणजे ही आमच्याकडे कुणाला बसणार नाही."

"तुलाही बसणार नाही."

"मला बसव," सोरा म्हणाला. "माझ्या वायरींच्या टोकांची जाड कडी काप आणि हिची बारीक लाव."

मला आधी वाटलं दुःखाने त्याचं डोकं फिरलंय. मग समजलं, आणि ते जास्त वाईट होतं. मैकोनाला थांबल्याशिवाय जाता येत नाही, आणि मैकोनाला कुणीतरी बॉनेट उघडून उभं असतंच. ते मागणार. आणि याला नाही म्हणता येणार नाही, तलासो मागे झोपलेली असली तरी येणार नाही. आयुष्यभर न केलेली गोष्ट माणूस एका सकाळी कशी करणार? म्हणून त्याला अशी बॅटरी हवी होती की नाही म्हणायची वेळ त्याच्यावर येऊच नये.

मी त्याला समजावलं. रागावलो. हिची ताकद निम्मी आहे. गरम इंजिन ढकलेल कशीबशी, पण प्लेटी पातळ आहेत. ही डांबरावर फिरायची वस्तू आहे. तुझ्या पिंजऱ्यात ती खुळखुळणार, पट्टी पोचणारच नाही, पन्हाळी रस्त्यावर आतून तुटेल. तो म्हणाला गोधडी कोंबू, दोरीने बांधू. मला तिला एकदाच न्यायचंय, वोचे, एकदाच. मी म्हणालो, मग जाड घे आणि लोकांना नाही म्हण, मेलेली बायको घेऊन चाललोय म्हण. हे तोंडातून गेलं आणि मला माझी जीभ तोडावीशी वाटली. सोराला ते लागलं की नाही कळलं नाही.

"तिला कळलं मी कुणाला नाही म्हणालो, तर ती माझ्या गाडीतून उतरेल," तो म्हणाला. "तू ओळखत नाहीस तिला."

मी ओळखत होतो. म्हणून पाना काढला. निदान पितळेच्या टोप्या ने, म्हणालो. पातळ टर्मिनलवर टोपी चढवली की जाड कडं बसतं, वायरी कापायला नकोत. त्याने तेही नाकारलं. टोपी निघते हे लोकांना माहीत आहे, ते टोपीसकट मागतील. शेवटी मी त्याची जाड कडी कापली आणि बारीक लावली. निघताना कापलेली कडी त्याच्या हातात दिली, चालबीत काही झालं तर असू देत. त्याने ती परत माझ्या फळीवर ठेवली.

"जवळ असली तर द्यावी लागतील," तो म्हणाला.

पुढचं मला इसाकोने सांगितलं, आणि थोडं तलासोची बहीण गुमातो हिने, जी तिच्या उशाशी बसून गेली होती.

पहाटे निघाले. मागे गादी, गादीवर तलासो. डोंगर उतरून बुबिसापर्यंत बरं गेलं. मैकोनाला, सोराला वाटलं होतं तसंच, अदानो नावाचा ड्रायव्हर बॉनेट उघडून उभा होता. त्याची गाडीही कलाचालाच निघालेली, आत माणसं बसलेली, आणि बॅटरी मेलेली. अदानोने मागायच्या आधीच सोराने आपलं बॉनेट उघडून दाखवलं. अदानोने आत वाकून बघितलं, गोधडीत गुंडाळलेली ती चिमुकली बॅटरी बघून म्हणाला, "हे कुणी बसवलं तुला?"

"वोचेने."

"त्याला वेड लागलंय का?"

सोरा म्हणाला, लागलं असेल. म्हणजे माझं नाव मैकोनात गेलं ते गेलंच. पण मला राग त्याचा नाही. इंजिन चालू असताना दोन वायरी धरून अदानोची गाडी सुरू करून देता आली असती, कड्यांची गरजच नव्हती. वायरी मिळाल्या असत्या, जरा शोधाव्या लागल्या असत्या. एरवी कुठल्याही दिवशी सोराने हेच केलं असतं. त्या दिवशी त्याने बॉनेट बंद केलं आणि निघून गेला. थांबलो तर अडकलो, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अदानोची गाडी सुरू झाली असती तर तो सोराच्या मागूनच चालबीत उतरला असता, मदतीला असता.

चालबीत उतरल्यावर ऊन चढलं. रस्त्याचे हादरे संपले, सपाट आलं, पण मिठावर गाडीचा आवाज फार मोठा वाटतो. बराच वेळ गेल्यावर तलासोने गुमातोला खूण केली. गुमातोने पुढच्या पत्र्यावर थाप मारली. सोराने गाडी थांबवली आणि मागे आला. चालबीत तो इंजिन कधी बंद करत नसे, शेळी पळाली तरी नाही, चाक बदलतानाही नाही. तलासो म्हणाली, "मोलूच्या बापा, इंजिन बंद कर जरा. कान शांत होऊ देत."

नवी बॅटरी होती. त्याने केलं बंद.

गुमातो सांगते की त्यानंतरचा तो थोडा वेळ फार चांगला होता. वाऱ्याशिवाय काही आवाज नाही. लांब कलाचाच्या ताडांची काळी रेघ दिसत होती. तलासोने विचारलं, ती आपलीच झाडं का, आणि सोरा म्हणाला, आपलीच. तो तिच्या पायाशी बसून राहिला. मला वाटतं, निरोपाची वेळ त्याला मिळाली ती तेवढीच, आणि ती निरोपाची आहे हे त्याला माहीत नव्हतं.

मग तो पुढे गेला, किल्ली फिरवली, आणि काहीच झालं नाही. गुरगुरलीसुद्धा नाही. गोधडी सरकली होती, बॅटरीचा तळ चिरला होता, आतली एक प्लेट तुटून पडली होती. हे मला नंतर उघडल्यावर दिसलं. त्याने उघडायच्या आधीच ओळखलं असणार.

बाजूने इसाको मोटरसायकलवरून आला तो नशिबाने. त्याने सगळं बघितलं आणि उलटा कलाचाला गेला. गावात त्या दिवशी एकही चालती गाडी नव्हती. तलासो उंटावर बसण्याइतकी उरली नव्हती आणि मोटरसायकलवर तर नाहीच. इसाकोने आपल्या टपरीतली बॅटरी काढली, सोराचीच, आणि मागे बांधून आणली. जाड टर्मिनल, आणि सोराच्या वायरींना बारीक कडी. नुसती वायर गुंडाळून बघितली तर ती लाल होऊन वितळली. सेल्फला ताकद लागते, ती अशा धाग्यातून जात नाही. मग सोराने सुरी काढली. शिसं मऊ असतं. तो टर्मिनल सोलायला बसला, बटाटा सोलतात तसं, थोडं थोडं, कारण जास्त गेलं तर कडं ढिलं बसणार. पुष्कळ वेळाने कडं बसलं. किल्ली फिरवली, आणि आत रात्रभर फोन चार्ज केलेली, पिऊन संपलेली बॅटरी. उरलीसुरली ताकद त्या वितळलेल्या वायरीत गेलेली. एक ठिणगीही नाही.

इसाको हे सांगताना रडला. आयुष्यभर ज्याच्यासाठी मी सोराला टोमणे मारले तेच झालं होतं, आणि मला ते खरं ठरल्याचा काडीचाही आनंद नव्हता.

इसाको दुसऱ्यांदा गावात गेला, पंपाची बॅटरी काढायला. ती भरलेली होती. या वेळी गावात सगळ्यांना कळलं. गाडी चालबीत पडलीय, तलासो आत आहे, आणि ती घरात मरायचं म्हणून निघालीय. पुरुष पंपाभोवती पाना शोधत होते. बायका एकमेकींकडे बघत होत्या. त्यातली एक दिरामो नावाची म्हातारी उठली आणि तलासोच्या तंबूची दोरी सोडायला लागली. कुणीतरी विचारलं, हे काय करतेस.

"तिला येता येत नाही," दिरामो म्हणाली. "घराला जाता येतं की."

आणि खरंच की. ते घर जन्मभर उंटाच्या पाठीवर फिरलेलं. पाऊस जिथे तिथे गेलेलं. आम्हा पत्र्याखालच्या लोकांना हे सुचलं नसतं. आणि दुःख असं, की सोरालाही सुचलं नाही. वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवून तो विसरला होता. बायकांनी काठ्या, चटया, कातडी, दुधाची भांडी, सगळं दोन उंटांवर लादलं आणि चालत निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा ऊन तिरकं झालं होतं. सोरा बॉनेटमध्ये वाकून पंपाच्या बॅटरीचं टर्मिनल सोलत होता. त्याने मान वर केली, उंट बघितले, आणि म्हणाला, "झालंच. थोडं राहिलंय. नेतोच तिला." गाडीपासून काही पावलांवर, मिठावर, बायकांनी काठ्या रोवल्या. तलासोचं दार जसं असायचं तसंच दार ठेवलं. मग सहा जणींनी मिळून तिला गादीसकट आत नेलं.

गुमातो म्हणते, आत गेल्यावर तलासोने हात वर करून चटईची कड चाचपली. ती कड तिने स्वतः विणलेली, मोलू पोटात असताना. उंटिणीच्या दुधाने तिचे ओठ ओले केले. ती म्हणाली, घरचा वास येतोय. मग तिने विचारलं, मोलूचा बाप कुठाय. गुमातो म्हणाली, गाडी दुरुस्त करतोय, बोलावते. तलासो म्हणाली, राहू दे, त्याचं काम चाललंय. आणि थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, कुठाय तो. गुमातो उठली, दारापर्यंत गेली, आणि मागून श्वास थांबल्याचं तिला ऐकू आलं.

त्याच क्षणी इंजिन सुरू झालं.

सोरा धावत आला. दोन्ही हात काळे, शिशाचा कीस लागलेले, तोंडावर हसू. झाली, तो ओरडला, चला, गाडी झाली. गुमातो दारात उभी होती. तिने हात आडवा केला.

"इंजिन बंद कर," ती म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. त्याला कळलं, पण हलता येईना. इंजिन चालूच राहिलं. शेवटी इसाकोने जाऊन किल्ली फिरवली.

तलासोला कलाचाजवळ पुरलं. मोलू दोन दिवस उशिरा पोचला. मी गेलो नाही. माझ्या बायकोने जा म्हटलं तरी नाही गेलो, मला त्या गाडीचं बॉनेट बघायचं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी सोरा दुकानात आला. सोललेल्या टर्मिनलांची पंपाची बॅटरी गाडीत, तिच्यावर मार्साबितपर्यंत आलेला. ती चिरलेली छोटी बॅटरीही त्याने आणली होती. मी चहा सांगितला, तो प्याला. मग मी पुन्हा तीच जाड बॅटरी पुढे ओढली. त्या दिवसापासून ती मी कुणाला विकली नव्हती. बायको म्हणायची, तिला काय जपून ठेवलंयस.

सोराने ती उचलून बघितली नाही, हलवली नाही. एवढंच विचारलं, "ही सगळ्यांच्या गाड्यांना बसते?"

"खाली जेवढ्या आहेत तेवढ्या सगळ्यांना."

"दे. आणि ती कडी आहेत का?"

फळीवरच होती. मी बारीक कडी कापली आणि जुनी जोडायला बसलो. त्याने पंपाची बॅटरी उचलून गाडीच्या मागे ठेवली, कलाचाला परत द्यायची म्हणून, आणि विचारलं की हिला टोप्या बसवून देशील का, लोकांना पाणी हवं. मी म्हणालो देतो. पुढे मैकोनाला अदानोकडे थांबणार होता. कशाला ते मी विचारलं नाही. टोमणा जिभेवर आला होता, गिळला.

मी बॉनेटखाली वाकलेलो, तो शेजारी उभा.

"गुमातो मला सांगत नाही," तो म्हणाला. "इसाकोही सांगत नाही. तुला सांगितलं असेल. मी बाहेर होतो तेव्हा तिने मला विचारलं होतं का?"

मला गुमातोने सांगितलं होतं. दोनदा विचारलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "झोपेतच गेली म्हणतात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी वर बघितलं नाही.

"बॅटऱ्यांबद्दल तू मला कधी खोटं सांगितलं नाहीस, वोचे."

"नाही सांगितलं."

"आणि हे?"

मी पाना फिरवत राहिलो. कडं केव्हाच घट्ट बसलं होतं.